देऊळ, गाव आणि दुसरं लग्न: श्रद्धेची प्रेमकादंबरी पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

जोडीदार गमावलेली बाई, जोडीदार गमावलेला पुरुष, सगळ्यांना सगळं ठाऊक असलेलं छोटं गाव, रोजच्या जगण्यातला देव आणि शेवटी लग्न. इंग्रजीत हा कादंबरीचा स्वतंत्र प्रकार आहे. जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली आली आणि तिथून तो फोफावला. तिच्यात प्रवासात नवरा गेलेली तरुणी आहे आणि लहान मुलगी पदरात असलेला विधुर. मराठीला मात्र ही गोष्ट उसनी घ्यावी लागत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. अनेक अभ्यासक जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती विधवांच्या हालांवर आणि ख्रिस्ती श्रद्धेवर उभी आहे आणि तिची नायिका वैधव्यानंतर पुन्हा संसार मांडते.

गोव्यातल्या एखाद्या गावावर मराठीत अशी कादंबरी लिहायची इच्छा असेल आणि सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. माझं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. या प्रकारात श्रद्धेने पात्रांची अडचण वाढवली पाहिजे. देवाने ती अडचण सोडवली की कादंबरी संपली, मग तुम्ही चाळिसाव्या पानावर का असेना.

पहिली पायरी: गाव निवडा, किनारा सोडा

गोव्याची कादंबरी म्हटली की नवखा लेखक कळंगुटला जातो. तुम्ही आत या. डिचोली, साखळी, वाळपई, माशेल, पेडणे, केपे, काणकोणची चावडी. तुम्हाला हवं असं गाव जिथे एक मोठं देऊळ आहे, बसस्टँड आहे, आठवड्याचा बाजार आहे आणि बायका एकमेकींना माहेरच्या नावाने ओळखतात.

गावाचं नाव काल्पनिक ठेवा, तालुका खरा ठेवा. देवळाच्या बाबतीत तर मी हट्टच धरीन. खरं देऊळ घेतलंत तर त्याचा मान, पालखीचा मार्ग, कोण कुठे उभं राहतं, यातली एकही गोष्ट बदलता येत नाही आणि कथेला ती नेमकी बदलावी लागते. गोव्यातली देवस्थानं महाजनांची, म्हणजे देवळात परंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची, असतात, त्यांचा कारभार १९३३ च्या देवस्थान कायद्याने चालतो आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. महाजनांची सभा, दोन गटांतलं भांडण, मामलेदाराकडे गेलेला अर्ज हे सगळं तुमच्या काल्पनिक देवळात येऊ द्या. गावाचं राजकारण त्यातून आपोआप उभं राहतं.

गावाच्या पोटापाण्याकडेही बघा. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत खाण हा शब्द घराघरांत शिरलेला आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. तुमच्या कथेतलं कर्ज, दारू, स्थलांतर किंवा नवऱ्याची बदललेली नोकरी, यांना इथे खरं कारण मिळतं.

दुसरी पायरी: आधी गेलेल्या माणसाला लिहा

नायक कसा दिसतो हे ठरवण्याआधी गेलेल्या नवऱ्यावर किंवा बायकोवर चार-पाच पानं लिहा. ती कादंबरीत जाणार नाहीत. तो जेवताना काय बाजूला काढून ठेवायचा, कोणावर रुसायचा, भजनात कुठल्या ओळीला आवाज चढवायचा, एवढं तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

इथे एक पळवाट फार वापरली जाते. गेलेला नवरा दारुडा होता, मारायचा, म्हणून वाचकाला दुसऱ्या प्रेमाबद्दल लगेच सहानुभूती. ही पळवाट घेऊ नका. तो बरा माणूस असू द्या, तिचं त्याच्यावर प्रेम असू द्या. चांगला संसार संपलेल्या बाईने दुसऱ्या माणसाकडे बघायचं ठरवलं की मगच गोष्टीला वजन येतं. अर्थात त्याला देवमाणूसही करू नका. त्याच्याकडून राहून गेलेली एखादी गोष्ट हवी: न फेडलेली उधारी, बहिणीशी तुटलेलं बोलणं, अर्धवट काम.

अर्धवट काम सगळ्यांत चांगलं. या लेखापुरतं एक उदाहरण धरून चालू. नवऱ्याची गणपतीची चित्रशाळा होती, वडिलांपासून चालत आलेली. तो चैत्रात गेला. आषाढ-श्रावणात लोक आपापल्या घरचे पाट घेऊन चित्रशाळेत येऊ लागतात, कारण मूर्ती त्या पाटावरच घडते आणि कित्येक घरांची चित्रशाळा पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नसते. चिकण माती मळायची, साच्यातून काढायची, हातांनी जोडायचं, रंगवायचं, हे सगळं तिला येतं. इतकी वर्षं डोळे आखायचं काम तीच करत होती, नाव त्याचं होतं. आता प्रश्न एवढाच की विधवेच्या हातची मूर्ती गाव घरी नेईल का?

बघा, यात प्रेम अजून आलेलंच नाही आणि श्रद्धा आली. गावकरी दुष्ट असण्याचीही गरज पडली नाही. ज्यांनी तिला लेकीसारखं वागवलं तेच पाट घेऊन दारात घुटमळतात.

तिसरी पायरी: पंचांग समोर ठेवूनच कथानक रचा

वेगळा आराखडा करण्याची गरज नाही. दुःखाचं एक पंचांग असतं आणि देवळाचं दुसरं. सुतक, दहावा, बारावा, तेरावा, महिन्याचं मासिक, शेवटी वर्षश्राद्ध हे पहिलं. नागपंचमी, चतुर्थी, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, जत्रा, शिगमो हे दुसरं. कागदाच्या दोन बाजूंना दोन्ही लिहून काढा आणि कुठे टक्कर होते ते बघा. प्रत्येक टक्कर म्हणजे एक प्रकरण.

आपल्या उदाहरणात घेऊ. चतुर्थीला सगळं गाव गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधतंय, सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड, आंबाडे जमवतंय. तिच्या चित्रशाळेतल्या मूर्ती घरोघर गेल्या, पण तिच्या स्वतःच्या घरात वर्षाच्या आतला मृत्यू. पूजा होईल, पण साधी. सासू नेवऱ्या करायच्या की नाही यावर दोन दिवस अबोल. लागून पितृपक्ष. नायक विधुर असेल तर पितृपक्षातली नवमी, अविधवा नवमी, तुमच्यासाठी सोनं आहे. सवाष्ण असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी होतं आणि एका सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरतात. नायकाच्या घरी आपल्या नायिकेला त्या पानावर बसता येत नाही. पण तिच्या परसातली अळूची पानं त्या घरी जाऊ शकतात. ती पानं कोण मागतं, कोण नेऊन देतं, सासूला ते कळतं का? एवढ्यावर दहा पानं सहज होतात आणि दोघांनी एकमेकांना एक शब्दही म्हटलेला नसतो.

पुढे तुळशीचं लग्न. अंगणात ऊस, आवळे, चिंचा आणि आजूबाजूच्या बायकांची गर्दी. मग दिवजां. ज्या गावांत दिवजांची चाल आहे तिथे मातीच्या दिवजातल्या पेटत्या वाती घेऊन देवळाभोवती फिरण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. तिथी गावागावांत वेगळी असते, तुमच्या काल्पनिक गावात ती तुम्हीच ठरवू शकता. दिवज हातात नसलेली बाई त्या रात्री कुठे उभी राहते, हे शोधायला स्वतः एकदा दिवजांना जाऊन गर्दीच्या मागच्या बाजूला थांबा. पुढून बघितलेलं पर्यटकालाही दिसतं.

एक तांत्रिक सूचना, कारण चोखंदळ वाचक नेमकं इथेच पकडतो. कथेचं साल ठरवलंत तर अधिक महिना तपासा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे चतुर्थी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. ‘ऑगस्टच्या अखेरीस चतुर्थी’ असं २०२३ च्या कथेत लिहिलंत तर पेडण्यातली आजी पुस्तक तिथेच मिटेल. शिवाय वर्षश्राद्ध तिथीने येतं, तारखेने येत नाही.

चौथी पायरी: कौल उजवा देऊ नका

आता मूळ मुद्दा. गोव्यातल्या कितीतरी देवळांत प्रसाद लावून देवाचा कौल मागतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची याची वाट बघायची. नवख्या लेखकाला हे दृश्य आवरत नाही. नायिका डोळे मिटून उभी, उजवी पाकळी पडते, भटजी हसतात, सनई. हे दृश्य लिहून झालं असेल तर फाडा.

डावी पाडा. किंवा कुठलीच पाकळी पडू देऊ नका, सकाळची दुपार होऊ द्या, पुजाऱ्याला बस गाठायची असू द्या. श्रद्धाळू माणसाला देवाने नाही म्हटल्यावर तो काय करतो, यावर सगळी कादंबरी उभी राहते. तिने देवीची गोष्ट मोडायची का? मोडली तर पुढच्या वर्षी मूर्तीचे डोळे कोणत्या हातांनी आखायचे? की तिने प्रश्नच चुकीचा विचारला होता? ‘मी लग्न करू का’ असं तिने विचारलं की ‘सासूला एकटी सोडू का’ असं, हे वाचकाला फार उशिरा कळू द्या. देवीचं उत्तर तेच राहतं, अर्थ बदलतो. मला विचाराल तर या प्रकारातल्या कादंबरीचं मर्म या एका प्रकरणात आहे. बाकीचं महिनाभर बाजूला ठेवावं लागलं तरी चालेल, पण हे पुन्हा पुन्हा लिहा.

गोव्यातल्या हिंदू घरात देव एकच नसतो, हेही ध्यानात घ्या. कुलदेव बहुधा फोंड्याकडचा, वर्षातून एकदा जायचं, घाबरून वागायचं. ग्रामदेवता सातेरी, रवळनाथ किंवा भूमिका, जिच्याशी भांडता येतं. आणि मनातला एखादा विठ्ठल, दत्त किंवा साईबाबा, जो वयात आल्यावर स्वतः निवडलेला असतो. नायिकेचं या तिघांशी बोलणं वेगवेगळ्या सुरांत हवं. गावात ख्रिस्ती शेजारी असतीलच. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण बहिणी आहेत, एकीकडून तेल जातं, दुसरीकडून मोगरीची फुलं येतात, ही कथा दोन्ही समाजांत सांगतात. शेजारच्या ख्रिस्ती विधवेने तिला सल्ला द्यावा असं प्रकरण करायचं असेल तर त्या घरातलं दुःखाचं पंचांगही विचारून घ्या. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या असतात एवढ्या माहितीवर पात्र उभं राहत नाही.

पाचवी पायरी: तो

नायकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवखे लेखक नेमके त्याच्यावरच सगळी शाई खर्च करतात. त्याला काम द्या, हात द्या. देवळातला पखवाज वाजवणारा, शाळामास्तर, सरकारी कदंब बसचा कंडक्टर, कोणीही. तो तिची दया करणारा नसावा आणि तिचा उद्धार करणारा तर नसावाच. बायको गेल्यापासून तो देवळात जात नाही, एवढं एक पुरेसं आहे. यंदा पाट घेऊन चित्रशाळेत तोच येतो, कारण दरवर्षी बायको यायची. त्याला मुलगी असेल तर तिला गोड करू नका. सात-आठ वर्षांची मुलं आईच्या जागेबद्दल फार कडक असतात.

जवळीक कितपत दाखवायची? या प्रकाराचा वाचक संयमाची अपेक्षा धरून येतो आणि आपल्या उदाहरणात तो संयम कामालाच येतो. मोठी मूर्ती पाटासकट उचलायला दोघं लागतात. चार हात, ओला रंग, कुठेही बोट लागता कामा नये. आणखी काय हवं?

सहावी पायरी: कोण कसं बोलतं

निवेदन मराठीत, घरातले संवाद बरेचसे कोंकणीच्या वळणाचे, देवळात आणि वर्तमानपत्रात पुन्हा मराठी. गोव्यातलं गाव असंच बोलतं. पण पानभर कोंकणी लिहिलीत तर सोलापूरचा वाचक मागे राहतो. सासूच्या तोंडी ‘जेवलें गो?’ एवढं आलं की तिचा सगळा आवाज ऐकू येतो, पुढची चार वाक्यं मराठीत चालतील. सासूला कादंबरीत मोठी जागा द्या, हा माझा आणखी एक हट्ट. मुलगा गेलेली बाई आणि नवरा गेलेली बाई एकाच चुलीवर पेज शिजवतात, त्यात नायकाहून जास्त ऐवज आहे.

आडनाव सहज म्हणून ठेवू नका. इथे आडनावावरून गाव आणि जात दोन्ही कळतात, आणि दोघांच्या आडनावांत अंतर असेल तर गावाच्या विरोधाचं कारण वैधव्य राहत नाही, जात होते. ती कादंबरी लिहायची असेल तर जरूर लिहा, पण ठरवून.

सातवी पायरी: कायदा एकदा वाचा

महाराष्ट्रातल्या कादंबऱ्या वाचून गोव्यातली विधवा रंगवायला गेलात की फसाल. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा इथे लागू नव्हता. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आली आणि तिचे कौटुंबिक नियम मुक्तीनंतरही चालू राहिले. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. नवरा गेल्यावर त्यातला अर्धा हिस्सा मुळातच बायकोचा, उरलेला अर्धा वारसांकडे जातो, मुलं असतील तर मुलांकडे. त्यामुळे ‘सासरच्यांनी नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं’ हे इथे इतकं सरळ घडत नाही. इथे कुजबुज वेगळी असते: ही दुसरं लग्न करून गेली तर चित्रशाळेचं काय, घराच्या वाटणीचं काय, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा कोर्टातला अर्ज, कधी घालायची? दिराला खलनायक न करताही त्याच्या मनात भीती घालता येते. सासऱ्यांच्या नावावरचं घर मात्र वेगळं, ते कोणाच्या नावावर आहे हे पहिल्या प्रकरणाआधी ठरवा.

लग्नही नुसतं देवळात लागून भागत नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन दोघांनी सही करायची, हरकतींसाठी सूचना लागते, काही दिवसांनी पुन्हा जाऊन सही करायची. विधवा आणि विधुर असतील तर आधीच्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. त्या टेबलावर कारकुनाच्या समोर चार माणसं हजर असतात, दोन जिवंत आणि दोन कागदावर. पहिली आणि दुसरी सही यांच्यामधले दिवस तर लेखकाला फुकट मिळालेला ताण आहे: सूचना लागलेली आहे, गाव वाचतं आहे, हरकत कोण घेणार?

गाव बदलताना दाखवायचं असेल तर त्यालाही आधार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या पंचायतीत तसा ठराव येऊ द्या, पण कादंबरीच्या मध्यावर. ठराव हात वर करून मंजूर होईल आणि तरीही हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे ज्या त्या घरातली बाईच ठरवेल.

आठवी पायरी: लिहा, मग दाखवा

पन्नास ते साठ हजार शब्द धरा, म्हणजे छापील दोनशे पानांच्या आसपास. इंग्रजीतल्या या प्रकारच्या मालिकांमधल्या कितीतरी कादंबऱ्याही साधारण तेवढ्याच असतात. युनिकोडमध्ये टाइप करा. छपाईवाले पुढे ते त्यांच्या फॉन्टमध्ये नेतात आणि त्या वेळी ‘ऱ्या’ आणि रफार हमखास तुटतात, म्हणून प्रूफ स्वतः वाचा. लगेच प्रकाशक शोधू नका. अविधवा नवमीचं प्रकरण सुटं काढून दीर्घकथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवून बघा. अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, तेव्हा दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. प्रतिलिपीसारख्या वेबसाइटवर क्रमशः टाकलंत तर वाचक मिळतील, पण तिथे दर भागाच्या शेवटी धक्का देण्याचा मोह होतो आणि या कादंबरीला तो मानवत नाही. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नका.

छापायला देण्याआधी हस्तलिखित दोन माणसांना वाचायला द्या. एक देवळातला कोणी, भटजी किंवा गुरव, जो विधींच्या चुका काढेल. दुसरी, ओळखीतली अशी बाई जिचा नवरा गेलेला आहे आणि जी तुमच्याशी मोकळेपणाने बोलते. तिला ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘ही नायिका कुठे खोटी वाटली?’ एवढंच विचारा आणि ती ज्या पानांवर बोट ठेवील ती पानं पुन्हा लिहायला घ्या.